कलादालनातून गेलेला हात

ती घटना आजही आठवली की माझी बोटं नकळत मिटतात. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, प्रेतं उचलली; पण हादरलो ते प्लास्टरच्या एका हातामुळे.

घनसावंगीकडच्या एका महाविद्यालयात मुलामुलींनी बंद पडलेल्या प्रयोगशाळेत कलादालन थाटलं होतं. चित्रं टांगण्यापासून दाराशी पाळीनं बसण्यापर्यंत सगळं तेच करत. तिथून भरदुपारी ‘माय’ नावाचं शिल्प गेलं. एका मुलीनं आईच्या हाताचा साचा घेऊन ओतलेला तो हात होता. प्राचार्यांनी दालनाला कुलूप ठोकलं. आम्ही पंचनामा केला, पाळीवरच्या मुलांना दरडावून विचारलं. ती रडकुंडीला आली, पण धागा सापडेना.

खबर दिली एका जीपवाल्यानं. “साहेब, एक बाई पदराखाली कायतरी घेऊन बसल्ती. खड्डा आला की लेकरावानी छातीशी धरायची.” कुठं उतरली तेही त्यानं सांगितलं. घरझडतीत धान्याच्या कणगीत हात सापडला, जुन्या लुगड्यात नीट गुंडाळलेला. आणि ती बाई निघाली त्याच मुलीची आई. आम्ही चक्रावलो. ठाण्यात महिला पोलिसानं खोदून खोदून विचारलं. बाईनं चोरी कबूल केली, कारण मात्र सांगेना.

मग बोटांचे ठसे घ्यायची वेळ आली. शाईच्या पाटीवर तिची दोन बोटं टेकेचनात. महिला पोलीस वैतागून म्हणाली, बोट सरळ करा.

“होत न्हाई.”

मी टेबलावरच्या मुद्देमालाकडे पाहिलं. प्लास्टरच्या हाताचीही तीच दोन बोटं वाकडी होती. कशानं मोडली, मी विचारलं. तिनं दुसऱ्या हातानं एकेक बोट दाखवलं.

“हे, पोरीला बारावीला बसवलं तवा. हे, कॉलेजात नाव घातलं तवा. तिच्या बापानं.” मान खाली घालूनच ती पुढं बोलली. “लोक विचारतील, मंग तो तिचं कॉलेज बंद करल. म्हणून आणला. फोडायचा व्हता, पण लेकीनं केल्याला. फोडवंना.”

तो बाप गावातली भांडणं मिटवणारा, आमच्या शांतता समितीत माझ्या शेजारी बसणारा माणूस. चहा घेताना मुलींच्या शिक्षणावर बोलायचा.

मुलीला बोलावून घेतलं. ती आईचा हात हातात धरून म्हणाली, “कुणीतरी विचारल म्हणूनच ठेवल्ता, साहेब. सगळे म्हणले, लई हुबेहूब जमलाय.”

मुलीची वसतिगृहात सोय करतो, असं प्राचार्यांनी माझ्यासमोर कबूल केलं, तेव्हा कुठं बाईनं नवऱ्याविरुद्ध फिर्याद दिली. त्याला आम्ही त्याच संध्याकाळी उचललं. पुढं दालनाचं कुलूप निघालं आणि तो हात आईनंच जागेवर नेऊन ठेवला.

लोक लपवतात आणि पोलीस शोधतात, असं मी जन्मभर समजत आलो. इथं तर सगळं उघड्यावर मांडलेलं होतं, आणि येणारा-जाणारा कारागिरी वाखाणून पुढं जात होता. आता कोणाचं वाकडं बोट दिसलं की मी आगाऊपणा करून विचारतो, कशानं झालं? बहुतेक बायका सांगतात, दारात सापडलं. मी पुन्हा एकदा विचारतो.