नुसते हातच तर दिसणार

मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे साहेबांच्या बंगल्यात माळ्यापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना कोणी ओळखत नव्हतं तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, ती त्यांच्याकडे स्वयंपाकाला. साहेबांचं पथ्य, वहिनींचा रुसवा, सगळं आधी भाजीवालीला कळायचं. पण गेले चार महिने एक गोष्ट तिनं कशीबशी दाबून ठेवली होती. नवऱ्याचा मार खाऊन पळून आलेली तिची लेक बंगल्यामागच्या खोलीत तिच्याजवळ लपून राहत होती, आणि तो तिला शोधत फिरत होता; इथे असती तर सासूनंच गावभर केलं असतं, असं धरून बंगल्याकडे तेवढा फिरकला नव्हता. बंगल्यात मावशीनं लेक मदतीला आलीय एवढंच सांगितलं होतं.

निवडणूक तोंडावर आली आणि साहेबांच्या सूनबाईंनी नवंच खूळ काढलं. साहेब बूट पुसतायत, वहिनी झाडांना पाणी घालतायत, सगळं मोबाइलवर टिपायचं आणि लोकांना दाखवायचं. ‘आमचं साधं घर’ म्हणे! सूनबाईंनी मोबाइल वर केला की मावशीनं मुकाट्यानं फ्रिजमागे सरकायचं. स्वयंपाक तिचा, कौतुक वहिनींचं. तिला त्याचं काही वाटत नसे.

त्या दिवशी वहिनींना साहेबांसाठी पावाचं पीठ मळायचं होतं. आयुष्यात परातीला हात न लावलेली बाई! पीठ कोपरापर्यंत चिकटलं. सूनबाई वैतागल्या. मावशीचे हात सुरकुतलेले, ते चालेनात. तेवढ्यात दारात लेक दिसली.

“हिचे हात बघू. किती सुंदर आहेत!” सूनबाई म्हणाल्या.

लेक मागे सरली. “आई, नको.”

“अगं, नुसते हातच तर दिसणार,” मावशी म्हणाली. लेकीच्या कुठल्याही गोष्टीला कुणी सुंदर म्हटल्याला वर्षं लोटली होती. मावशीला भरून आलं होतं, दुसरं काय! वहिनींची अंगठी लेकीच्या बोटात चढली आणि पीठ झकास मळलं गेलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सूनबाई नेहमीप्रमाणे लोकांचे शेरे मोठ्यानं वाचत होत्या. मावशी चहा ओतत होती.

“अन्नपूर्णा आहात वहिनी. साहेब भाग्यवान. आणि हे ऐका, ‘करंगळी अजून वाकडीच आहे वाटतं.’”

“माझी?” वहिनींनी हात पुढे धरून पाहिला. “काय एकेक वेडे असतात!”

सगळे हसले. चहा कपातून बशीत, बशीतून टेबलावर गेला तरी मावशी ओततच होती. ती करंगळी जावयानं दाराच्या फटीत धरून मोडली होती. हे त्याच्याखेरीज कुणाला माहीत असणार?

मावशीनं सगळं सांगून टाकलं. हात जोडले, पाया पडायचीच बाकी राहिली. “तेवढं काढून टाका हो.”

“दोन लाख लोकांनी पाहिलंय, मावशी. आता काढून काय उपयोग?” सूनबाई म्हणाल्या.

वहिनींचा चेहरा उतरला होता, पण त्याही म्हणाल्या, “काढलं तर विरोधक म्हणतील हात माझे नव्हतेच. निवडणूक होऊ दे. फाटकावर माणूस आहे ना आपला?”

मावशी खोलीत आली तेव्हा लेक पिशवी भरत होती. नाश्त्याचं बोलणं तिनं मागच्या दारातून ऐकलं होतं, काही सांगावं लागलं नाही.

“शिव्या घाल मला,” मावशी म्हणाली. “माझ्यामुळे झालं.”

लेकीनं पिशवीचं तोंड बांधलं. ती दारापर्यंत गेली तशी मावशीनं तिचा दंड धरला. “कुठे जातेस ते मला सांगू नकोस. तो समोर येऊन उभा राहिला तर माझ्या तोंडून निघून जाईल. मी ओळखते मला.”

“मग मी बरी आहे हे तुला कळणार कसं?”

मावशीनं दंडावरची पकड आणखी घट्ट केली. लेकीनं तिचा हात सोडवला आणि मागच्या दारानं गेली.

दुपारी पहारेकऱ्याचा निरोप आला, जावई आलेत. मावशी पिठाच्या हातांनीच फाटकाशी गेली.

“कुठे आहे ती?”

“मला माहीत नाही.”

“तुम्हाला? तुम्हाला माहीत नाही?” तो हसला. मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं जावई होता, सासूला ओळखून होता. त्याचं हसू गेलं आणि तो वळला.

त्याला पटलं होतं. मावशी तिथेच फाटकाच्या गजाला धरून खाली बसली आणि ढसाढसा रडली. तिला खरंच माहीत नव्हतं.