एकाच नळावरची घरं

चर्चच्या मागे आमची भिंतीला भिंत लागलेली, सव्वाशे वर्षांपूर्वीची इंग्रजी, व्हिक्टोरियन घरं आहेत. सगळ्यांचं संडास-मोरीचं पाणी परसांखालून एकाच मोठ्या नळातून वाहतं, आणि तो उघडायचं लोखंडी झाकण नेमकं आमच्या परसात आहे. पावसाचं पाणीही त्याच नळात जातं. सासऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांना सांगावं असं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ते पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. गणपती ऑनलाइन मागवला होता, शाडूचा म्हणून; निघाला प्लॅस्टरचा. बादलीत ठेवून विरघळेना. परसात माती नाही, नुसत्या फरशा. शेवटी सासऱ्यांनी हात जोडून तो बत्त्याने फोडला, परसातली पावसाचं पाणी जायची जाळी उचलली आणि तुकडे पाण्यासकट आत ओतले. अडकले ते काठीने ढकलले. पावसाची जाळी आहे म्हणजे पाणी नदीला जाणार, हे त्यांनी गृहीत धरलं. संडासाच्या पाण्यात देव सोडायचा विचारही त्यांना शिवला नसता.

पुढच्या आठवड्यात धो धो पाऊस झाला. शेजारी एक दांडगा गवंडी राहतो. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, पलंग खालच्या खोलीत. घाण त्यांच्या शॉवरखालच्या मोरीतून वर आली आणि पलंगाखाली पोचली. तो कुंपण ओलांडून आला, पहारीने आमचं झाकण उचकटलं आणि खाली हात घातला. हातात गणपतीचा कान आला, रंग शाबूत.

सासरे दारात होते. अठ्ठ्याहत्तर वय, छातीत पेसमेकर. पुढे होऊन त्यांनी इंग्रजीत सांगितलं, हे माझं आहे, चूक झाली. त्याने पुढचं ऐकलंच नाही. गळा धरून त्यांना गुडघ्यांवर पाडलं आणि डोकं त्या भोकात दाबू लागला.

"नीट बघ. माझी आई यात झोपलीय."

नवरा हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होता. मी सोड म्हणाले, पुन्हा म्हणाले. सासऱ्यांचं कपाळ लोखंडाच्या कडेवर आपटत होतं, रक्त नाकावरून खाली गळत होतं, चेहरा जांभळा पडला होता. भिंतीशी फावडं होतं. ते मी पात्याच्या कडेने त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचं स्पष्ट ऐकू आलं. दुसऱ्या हाताची पकड सुटली नव्हती, म्हणून तिथे कोपरावर घातलं. तो मागे कोसळला. मग मी फावडं पुन्हा उचललं, आणि या वेळी त्याच्या डोक्याकडे.

"अगं, पुरे," सासरे जमिनीवरून म्हणाले. आवाज फुटत नव्हता. "आत त्याची आई एकटी आहे."

मी फावडं खाली ठेवलं. दोघांसाठी दोन ॲम्ब्युलन्स बोलावल्या, तिसरी त्याच्या आईसाठी.

पोलिसांना त्याने सांगितलं की ओल्या फरशीवर घसरलो. सासऱ्यांनीही स्वतःबद्दल तेच सांगितलं. पोलीस बाईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यानंतर गटाराची माणसं आली, अर्धं परस उखडून त्यांनी तुंबलेला नळ कापून नवा बसवला. शेजाऱ्याची आई आठवड्याभराने घरी आली. तो आणि मी अजून एकमेकांशी बोलत नाही.

सासऱ्यांनी तिकीट अलीकडचं करून घेतलं. एअरपोर्टवर चांगलं ऊन होतं, तरी त्यांनी गळ्याला मफलर घट्ट गुंडाळला होता. पुण्यात घ्यायला त्यांची बहीण येणार होती. तिला काय सांगणार, मी विचारलं.

"थंडी सोसली नाही म्हणेन," ते म्हणाले, आणि सिक्युरिटीच्या रांगेत लागले.