तळपायावरची टिचकी

माझं डोकं लवकर सणकतं. माहेरी म्हणायचे, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग. लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आले आणि तो राग मी बरेच दिवस गिळून ठेवला. मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली, तेव्हा तो सगळा वर आला.

दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून तिला बाहेर काढलं, तेव्हा सासू म्हणाली, "गो, बाजारातलो बांगडो हेच्यापेक्षा मोठो." तिच्या डोक्यात तांब्या घालावासा वाटला. पण हातात पोर होती.

घरी सोडताना वॉर्डमधल्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. "ही पोरं श्वास घ्यायला विसरतात," ती म्हणाली. "छाती हलेना, ओठ निळे दिसले, की तळपायावर टिचकी मारायची. जोरात. तिथे दयामाया नाही. आणि तडक इकडे आणायचं." डॉक्टरांनी आणखी बजावलं की अंघोळ नको, पाहुणे नकोत आणि धूर तर अजिबात नको.

तेव्हापासून माझं एकच काम, तिच्या छातीकडे बघत बसायचं. चमच्याने दूध पाजताना बघायचं. तिला माझ्या उघड्या छातीशी बांधून बसले तरी मान वाकडी करून बघायचं. बाळ बघायला कोणी आलं की मी दार तोंडावर आपटायची. एका शेजारणीची बोटं चेमटली. बरं झालं, असं मी मोठ्याने म्हटलं.

सासूला ही सगळी थेरं वाटायची. चाळीतली कितीतरी बाळं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. न्हाणं झालं की शेगडीत निखारे घालायचे, त्यावर ओवा, लसणाच्या साली, धूप, आणि त्या धुरावर बाळ शेकायचं. ही धुरी. "धुरी नाय दिली तर चेडवाची हाडां घट्ट कशी होतली?" ती रोज विचारायची. मी रोज नाही म्हणायचे. एकदा तर मी शेगडीच गॅलरीत नेऊन आपटली. तिने ती वरवंट्याने ठोकून सरळ केली आणि परत पलंगाखाली ठेवली.

त्या सकाळी नवरा कामावर गेला होता. पोर झोपली म्हणून मी गॅलरीच्या टोकाला संडासात गेले. परत येते तर दाराला आतून कडी, आणि दाराखालून धूर येतोय.

मी हाक मारली नाही. खांद्याने धडक दिली, मग लाथ मारली. मग पाण्याच्या पिंपाच्या झाकणावरचा दगड उचलला आणि कडीच्या जागी घातला. फळी फुटली. आत सासू पाय लांब करून बसलेली, पायांवर माझी मुलगी, बाजूला शेगडी. धुराने माझे डोळे उघडवत नव्हते.

"आरडू नको गो," ती म्हणाली. "चेडू निजलाहा."

निजली नव्हती. ओठ जांभळे पडले होते. मी तिला उचललं. काय झालं म्हणून सासू मध्ये आली, तर एका हाताने तिला असं ढकललं की ती कपाटावर जाऊन आदळली. शेगडी लवंडली, एक निखारा माझ्या पावलाखाली आला. "मारलंस तिला," मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी सासूला एकेरी बोलले.

गॅलरीत येऊन टिचकी मारली. काही नाही. परत मारली. मग मारतच सुटले. अंगठ्याएवढा तळवा लाल झाला. शेजारीण म्हणाली, "अगं, मारतेस काय तिला?" मी थांबले नाही. शेवटी पोरीचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती मांजराच्या पिल्लासारखी रडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आमची सालटी काढली. नवरा धावत आला आणि मला विचारतो काय, "आईवर हात टाकलास?"

"टाकला. परत धुरी दिली तर परत टाकीन."

मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. तिच्या कपाळावर खोक पडली होती, ती रोज समोर दिसायची, तरी नाही.

पोर वाचली, घरी आली. सासूने माझ्याशी बोलणं टाकलं. कपाळाचं कोणी विचारलं की म्हणायची, दार लागलं. शेगडी तिने कोणाला तरी देऊन टाकली. पोरीला हात लावायची नाही, पण भाजी निवडायला बसायची ती पोरीकडे तोंड करूनच.

एका दुपारी पोरीला पाजून खाली ठेवलं आणि बसल्या जागी माझा डोळा लागला. जाग आली ती सासूच्या आवाजाने. "स्वास घे गो बाये, घे," असं म्हणत ती रडत होती आणि पोरीच्या तळपायावर टिचक्या मारत होती. मी उठेपर्यंत पोरीने भोकाड पसरलं. सासूने हात मागे घेतला.

"मी मारलंय गो तिका," ती म्हणाली. "जोरान मारलंय."

मी ओठ बघितले. रंग परत येत होता. इतक्या दिवसांत आम्ही पहिल्यांदाच एकमेकींशी बोलत होतो.

"चांगलं केलंत, आई," मी चपला शोधत म्हणाले. "चला दवाखान्यात. टॅक्सीत तुम्हीच घ्या तिला. परत विसरली तर याहून जोरात मारा."