तोंडात बोळा असताना

टेलरबाईंना अक्कलदाढ आली तीच मुळी एक्कावन्नाव्या वर्षी, आणि आली तीही आडवी. "अक्कल निघाली होती वेळेवर, वाटेत रस्ता चुकली," असं दातांचे डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले आणि स्वतःच हसले. बाईंना काही हसू आलं नाही. दोन महिने डाव्या बाजूने घास चावता येत नव्हता आणि कळ पार कानापर्यंत जात होती.

"हिरडी कापून काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "येताना सोबत कुणाला तरी घेऊन या. एकट्याला आम्ही घरी सोडत नाही."

आता ही सोबत आणायची कुठून?

गल्लीच्या टोकाला एका खोलीत बाईंचं दुकान. पुढे मशीन आणि इस्त्रीचं टेबल, पडद्यामागे पलंग आणि गॅसची शेगडी. नवे कपडे थोडे, दुरुस्तीच जास्त. पँट आखूड कर, चेन बदल, कोटाला अस्तर लाव. गिऱ्हाईक लाकडी स्टुलावर उभं राहायचं आणि बाई त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसायच्या, ओठांत सात-आठ टाचण्या धरून. आणि माणसाची गंमत बघा, ज्याच्या तोंडात टाचण्या आहेत त्याच्यापाशी मन मोकळं करायला त्याला फार आवडतं. मध्ये तोडणार नाही, शहाणपण शिकवणार नाही, स्वतःचं रडगाणं तर मुळीच लावणार नाही. त्या स्टुलावर उभं राहून बायकांनी नवऱ्यांची उणीदुणी काढली होती. बँकेतल्या एका साहेबांनी नोकरी गेल्याचं बायकोच्या आधी बाईंना सांगितलं होतं. बाईंचं उत्तर ठरलेलं, "हं." एक छोटं हं, एक लांबलेलं, एक नवल वाटल्याचं. तीस वर्षं त्यावर निभावलं होतं.

धाकट्या बहिणीचंही तेच. ती दहा वर्षांनी लहान. आई गेल्यावर बाईंनीच तिला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. आता ती दुसऱ्या शहरात होती आणि आठवड्यातून एकदा तिचा फोन यायचा. बाई फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवायच्या आणि टाचत राहायच्या, धाकटी बोलत राहायची.

दाढ काढायच्या आठवडाभर आधी मात्र बाईंनी मुद्दाम टाचण्या काढून सांगितलं होतं, "मंगळवारी माझी दाढ काढणार आहेत गं. हिरडी कापून."

"अगं बाई! मी फोन करते हं त्या दिवशी," धाकटी म्हणाली आणि लगेच मुलाच्या परीक्षेवर गेली.

ये, असं बाई म्हणाल्या नाहीत. तिच्यामागे व्याप कमी नव्हते. तिने एकदा फोन करून 'कशी आहेस' म्हणून विचारावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण ते फार हवं होतं.

मंगळवारी दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. "सोबत कोण आहे?"

"बहीण," बाईंनी ठोकून दिलं. "खाली गाडी लावतेय." आणि धाकटीचा नंबर लिहिला. थापा मारायची सवय नसल्यामुळे त्यांचे कान तापले.

भूल दिल्यावर दुखलं असं नाही, पण आपल्याच डोक्यात कुणीतरी कपाटाचा गंजलेला खिळा उपटतंय असा आवाज त्यांना ऐकू येत राहिला. मग टाके पडले, गालात कापसाचा घट्ट बोळा बसला. "तासभर दाबून धरायचा. बोलायचं नाही, थुंकायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. काउंटरवरची मुलगी दुसऱ्या पेशंटच्या पावतीत गुंतली होती. बाई हळूच सटकल्या. घरचा पत्ता त्यांनी सकाळीच एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवला होता, तो टॅक्सीवाल्यापुढे धरला.

अस्तराच्या तुकड्यात बर्फ गुंडाळून त्या पलंगावर टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. धाकटी! तिच्या लक्षात होतं! बाईंचा जीव सुपाएवढा झाला.

"ताई, ऐक ना, डोकं फिरलंय माझं नुसतं," धाकटी म्हणाली. मुलाला ताप होता. सासूबाई न कळवता येऊन राहिल्या होत्या. ऑफिसात नवीन साहेब आला होता आणि तो हिच्याच मुळावर उठला होता. बाई "हं" म्हणत होत्या. धाकटी थांबली की बाईंना वाटायचं, आता विचारेल. पण ती पाणी प्यायला थांबलेली असायची. बोळा भिजला, भूल उतरायला लागली, कळ कानात घुसली. चाळीस मिनिटांनी धाकटी म्हणाली, "चल, ठेवते. तुझ्याशी बोललं ना ताई, की बरं वाटतं मला."

फोन बंद झाला. मोठ्याने रडायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि डॉक्टरांनी ते बंद ठेवायला सांगितलेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

दोन दिवस गार दूध आणि कुस्करलेलं केळं. कुणी आलं नाही, कारण दुकान बंदची पाटी बाईंनी स्वतःच लावली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती काढली. शाळेतले एक मास्तर पँट आखूड करायला आले आणि मुख्याध्यापकांच्या नावाने बोटं मोडत स्टुलावर उभे राहिले. बाईंचा डावा गाल अजून टम्म होता, पण वरून मास्तरांना फक्त भांग दिसत होता. बाईंनी टाचण्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरल्या होत्या.

तेवढ्यात फोन आला. धाकटी होती.

"ताई," ती म्हणाली, "तुझ्या दवाखान्यातून आत्ता फोन आला होता मला. पेशंट कशा आहेत म्हणून. मी म्हटलं, ठणठणीत, मंगळवारी दुपारीच चांगल्या पाऊण तास गप्पा मारल्या आम्ही. तर ती मुलगी म्हणते, अहो, त्यांना बोलू कसं दिलंत? तोंडात बोळा होता ना! तुम्हीच होतात ना सोबत, गाडी लावत होता त्या?"

मास्तरांची एक बाजू टाचून झाली होती, दुसरी स्टुलावर लोळत होती. बाईंनी त्यांना हातानेच थांबायला सांगितलं.

"ताई, तू त्या दिवशी काहीच बोलली नव्हतीस का गं?"

बाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या.

"नाही."

"एकटी गेली होतीस?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

सांगितलं होतं, हे अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं. "पोराचा ताप उतरला का?" त्यांनी विचारलं.

"माझं राहू दे गं ताई. तुझं सांग."

तीन दिवस बाईंनी मनात किती काय काय जुळवून ठेवलं होतं. फॉर्म, थाप, टॅक्सी, तो खिळ्याचा आवाज. आता तोंड मोकळं होतं आणि त्यातलं एक आठवेल तर शपथ. मास्तर स्टुलावर शहाण्यासारखे भिंतीकडे बघत उभे होते.

"दुखलं गं," बाई म्हणाल्या. "फार दुखलं."

"हं," धाकटी म्हणाली, आणि पुढचं ऐकायला थांबली.