सुटलेल्या अक्षराची जागा

आधी वहिनींचं सांगतो, मग बाकीचं. वहिनी म्हणजे पनवेलच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची बायको. माझ्या नात्याच्या नव्हेत, गावाच्या नव्हेत. तरी माझ्यासाठी त्यांनी दुपारची झोप सोडली, आणि शेवटी चाळिशी उलटलेली असताना माझ्या शेजारच्या टेबलावर परीक्षेला बसल्या. का, तर मी एकटा गेलो असतो तर ठाण्यालाच उतरून परत आलो असतो, अशी त्यांची खात्री होती. खात्री बरोबर होती.

मी उस्मानाबादकडचा. वडील गेले तेव्हा सातवीत होतो, तिथंच शाळा सुटली. पुढं मिळेल ते काम केलं आणि मिसरूड फुटल्यावर एका ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो. पनवेलजवळ पळस्प्याला ट्रक बंद पडला. तो दुरुस्त होईपर्यंत पनवेलात एका बॅटरी चार्जिंगच्या दुकानात हाताखाली थांबलो, ट्रक निघून गेला आणि मी राहिलो तो राहिलोच. आसपासच्या गावांत तेव्हा वीज नव्हती. ज्यांच्याकडे रेडिओ होता ते बॅटरी सायकलला बांधून नाहीतर बैलगाडीत घालून आमच्याकडे आणत. अ‍ॅसिडनं माझ्या प्रत्येक सदऱ्याची चाळणी झालेली. दुकानाच्या मागच्या खोलीत झोपायचो, खाणावळीत जेवायचो, आणि 'जेवलास का' असं विचारणारं चारशे मैलांत कुणी नाही असं मनात धरून बसलेलो असायचो. मैल काही मी मोजले नव्हते, पण वाटायचं तसं.

डॉक्टर दुकानात आले ते बॅटरी घेऊनच. पण त्यांना ती हवी होती बोलायला. मला कळेना. ते म्हणाले, "रेडिओ ऐकतात सगळेच. आम्ही हौशी लोक त्यावर बोलतो. सरकारचं लायसन असतं, परीक्षा असते. ज्याच्याकडे लायसन आहे तो जगात कुठंही असो, हवेतून हाक मारायची आणि त्यानं उत्तर द्यायचं."

"कशासाठी?" मी विचारलं.

डॉक्टरांनी बॅटरी टेबलावर ठेवली. "येऊन बघा," म्हणाले.

क्लब भरायचा रविवारी सकाळी, भाताच्या गिरणीच्या माडीवर. गिरणी शेठची. शेठ इथलेच, मिठागरं आणि भातशेती असलेल्या घरातले. गिरणीच्या धुराड्यापासून मागच्या माडापर्यंत त्यांनी तार बांधू दिली होती, आणि त्यावरून बाजारात त्यांची थट्टा व्हायची. गाडीवाले विचारायचे, "शेठ, ती तार कसली हाय? कपडे वाळत घालायची म्हनावी तर लय उंच हाय." शेठ सांगायचे, "माज्या सासूरवाडीची मानसं उंच हायेत!" तिसरे होते हायस्कुलात सायन्स शिकवणारे सर. आणि चौथा मी. वहिनी मनात आलं की यायच्या, सोबत पोहे आणायच्या आणि पोह्यांपेक्षा जास्त बोलायच्या.

क्लबात एक रीत होती. हवेवर बोलताना एकाचं बोलणं संपलं की तो 'ओव्हर' म्हणतो, तोवर दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. डॉक्टरांनी तीच सवय सभेलाही लावली. ज्याचं बोलणं चालू आहे त्यानं 'ओव्हर' म्हटल्याशिवाय बाकीचे गप्प. एकदा शेठ बोलता बोलता खाली गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेले, ओव्हर न म्हणताच. आम्ही सगळे मुकाट बसून. सरांनी खिडकीतून वाकून खुणेनं त्यांना वर बोलावलं. शेठ धापा टाकत आले, "काय झाला? काय झाला?" कुणी बोलेना. मग डोक्यावर हात मारून म्हणाले, "ओवर, बाबांनो, ओवर!"

मला त्या माडीवर पहिल्या दिवसापासून बरं वाटलं. रांगेत उभं राहावं लागत नव्हतं, आणि आपली पाळी येणारच हे ठाऊक होतं.

मग एका रविवारी डॉक्टर म्हणाले, "माझी बदली झाली. खानदेशात. दिवाळीनंतर जायचं." आणि थांबले. ओव्हर म्हणायचे राहिले. खाली गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, ओव्हर म्हणा. नाहीतर ही मंडळी संध्याकाळपर्यंत अशीच बसतील."

प्रश्न असा होता की लायसन फक्त डॉक्टरांचं. माडीवरचा बोलायचा सेट क्लबनं मिळून बांधलेला, पण लायसनवाला माणूस हजर नसेल तर तो चालवायचा नाही, हा सरकारी नियम. डॉक्टर गेले की माडीला कुलूप. सर दोनदा परीक्षेला बसले होते, दोन्ही वेळा मोर्सनं, म्हणजे तारेच्या त्या कडकट्ट भाषेनं, त्यांना पाडलं होतं. "माझा कान लाकडी आहे," ते म्हणाले, "ओव्हर."

"मना तर ए बी शी पन येत नाय. ओवर," शेठ म्हणाले.

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

परीक्षा म्हटलं की मला शाळा आठवते. शाळेत उभं राहून वाचताना एखादा शब्द अडला की मी तिथंच अडायचो. गुरुजी पुढचं वाच म्हणायचे, पण मला पुढचं दिसायचंच नाही. हे मी तिथं बोललो नाही. एवढंच म्हणालो, "मी सातवीतून सुटलेला माणूस. मला कुठलं जमायला. ओव्हर."

"सातवीत ए बी सी डी होती ना?" वहिनींनी विचारलं.

"होती."

"मग झालं तर. उद्यापासून दुपारी ये."

त्या दिवशी मला कळलं की वहिनी लग्नाआधी, लढाईच्या वर्षांत, तारऑफिसात कामाला होत्या. डॉक्टर घरी स्वतःच्या छोट्या सेटवर बसले की त्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या, "अहो, तो तुम्हाला हवा कशी आहे ते विचारतोय आणि तुम्ही त्याला स्वतःचं नाव काय सांगताय!"

नियमांचा आणि विजेचा भाग सरांनी माझ्याकडून इंग्रजीतून घोकून घेतला. त्याची मला तितकी भीती नव्हती. दिवसभर बॅटऱ्यांत हात घालणाऱ्याला वीज काही नवी नाही. भीती होती ती मोर्सची. मी ती सरांच्या पुस्तकातल्या तक्त्यावरून पाठ केली होती. कुठल्या अक्षराला किती टिंबं, किती रेघा, सगळं तोंडपाठ. वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीत बझर ठेवला, मला बाहेर पायरीवर बसवलं आणि कळ दाबायला सुरुवात केली. थोड्याच वेळात थांबल्या.

"तू मोजतोयस."

"मग काय करू?"

"ऐक. दारावर कुणी थाप मारली की मोजतोस का? ओळखीच्या माणसाची थाप आहे हे कळतं ना? तसं."

तो तक्ता त्यांनी काढून घेतला आणि फडताळात ठेवून दिला. मग रोज दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, खिडकीतून भाजीची यादी यायची. इंग्रजी अक्षरांत मराठी भाज्या. मी लिहून घ्यायची आणि तेच बाजारातून आणायचं. तोंडानं सांगायचं नाही, विचारायचंही नाही.

पहिल्या दिवशी मेथी लिहिली आणि त्यापुढचं एक अक्षर सुटलं. ते काय होतं, काय होतं, करत बसलो. तोवर बाकीची यादी निघून गेली होती. मी मेथी घेऊन आलो. दुसऱ्या दिवशीही मेथीनंतर अडलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यातून आले, ताटाकडे बघून म्हणाले, "काय हो बॅटरीवाले, बदलीच्या गावी मेथी मिळत नाही असं कुणी सांगितलं का तुम्हाला?"

मी शरमेनं खाली बघत होतो. वहिनी मात्र हसल्या नाहीत. पायरीवर माझ्याजवळ येऊन बसल्या.

"अक्षर सुटलं की काय करतोस?"

"ते आठवायला बघतो."

"आणि तोवर?"

"तोवर पुढची जातात."

"मग एकाच्या पायी दहा घालवतोस ना रे बाबा? तारऑफिसात पहिल्याच दिवशी शिकवतात. सुटलं, रेघ मार, पुढचं घे. त्याच्यासाठी थांबायचं नाही. ते गेलं. पुढचं आत्ता येतंय, त्याच्याकडे बघ. रिकामी जागा नंतर भरता येते. नाही भरली तरी बाकीचं हातात असतं."

बोलायला सोपं होतं. माझा हात ऐकेना. सुटलेल्या अक्षरावर पेन्सिल टेकवून मी तसाच बसायचो. मग वहिनींनी युक्ती काढली. त्या मुद्दाम मध्येच एखादं अक्षर गाळायच्या, किंवा नेमकं त्या वेळी पातेलं आपटायच्या. माझी सुटका नव्हती, अक्षर सुटणारच होतं. रेघ मारणं एवढंच माझं काम. हळूहळू यादीत रेघा यायला लागल्या, आणि पिशवीत भाज्या. अधूनमधून चूक व्हायची; एकदा पडवळाच्या ऐवजी काय आणलं ते मी सांगत नाही, पण त्या घरानं ते हूं की चूं न करता खाल्लं.

परीक्षा मुंबईला होती. आदल्या दिवशी मी वहिनींना सांगायला गेलो की मला ताप आल्यासारखं वाटतंय. त्यांनी कपाळाला हात लावला. "ताप नाही. मी पण येते. मीही अर्ज भरलाय."

"तुम्हाला कशाला?"

"मला काही गरज नाही. पण खानदेशात मी काय नुसते पापड लाटू?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि तू एकटा पोचणार नाहीस."

सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. ठाण्यावरून फिरून जाणारा तो लांबचा रस्ता. ठाण्याला बस थांबली तेव्हा मी खरंच उठलो. वहिनी खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "बस." मी बसलो.

परीक्षेच्या खोलीत उंच छत होतं, पंखा होता आणि कानाला लावायला जड हेडफोन. माझ्या शेजारच्या टेबलावर वहिनी, पदर सावरून, पेन्सिल धरून. परीक्षकांनी खूण केली आणि आवाज सुरू झाला. पहिले काही शब्द ओळखीच्या थापेसारखे आले. मग दार उघडलं, चहावाला आला, कपबशी खणखणली आणि एक अक्षर गेलं.

पेन्सिल तिथंच टेकली. काय होतं ते? काय होतं? आणि मग, का कोण जाणे, ती कपबशी मला वहिनींच्या पातेल्यासारखी वाटली. मुद्दाम आपटल्यासारखी. मी रेघ मारली. पुढचं अक्षर आलं होतं, ते घेतलं. त्याच्या पुढचंही. शेवटपर्यंत एकूण तीन-चार रेघा पडल्या, पण बाकी कागद भरलेला होता. कधी नव्हे ते मी पुढचं बघत राहिलो होतो.

परीक्षकांनी कागद तपासला. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढ्या चुका चालतात. पास." मी उभाच राहिलो. त्यांनी पुन्हा सांगितलं, "पास झालात. जा, पुढच्याला येऊ द्या." पुढच्या वहिनीच होत्या. त्यांचा कागद परीक्षकांनी नुसता पाहिला आणि विचारलं, "बाई, तुम्ही कुठं होता इतकी वर्षं?" वहिनी म्हणाल्या, "स्वयंपाकघरात."

परतीच्या वाटेवर ठाण्याला आम्ही उसाचा रस प्यालो. पहिल्याच घोटाला रस सदऱ्यावर सांडला, अ‍ॅसिडच्या भोकांतून आत गेला. वहिनी पोटभर हसल्या. मीही हसलो. इतकं हलकं मला घर सोडल्यापासून वाटलं नव्हतं. बस सुटली आणि मी झोपून गेलो, ते पनवेलच्या स्टँडवर त्यांनी हलवून उठवलं.

डॉक्टर आणि वहिनी दिवाळीनंतर गेले. माझं लायसन यायला वेळ लागला, तोवर माडीला कुलूप होतं, आणि रविवारी सकाळी मी उगाच गिरणीवर चक्कर मारायचो. शेठ म्हणायचे, "येल रं बाबा, येल. सरकार हाय, चालत येतंय." एकदाचं ते आलं. शेठनी कुलूप काढलं, सरांनी धूळ पुसली, मी बॅटऱ्या जोडल्या. कळ दाबून हाक मारली. कुणी उत्तर दिलं नाही. पुन्हा मारली. मग लांबून, खरखरीतून, एक बारीक आवाज आला. अक्षरं लिहून घ्यायच्या आधीच मला कळलं होतं. प्रत्येकाचा कळ दाबायचा हात वेगळा असतो, आणि तो हात मी खिडकीखाली बसून ओळखलेला होता.

"कोन हाय? कोन हाय?" शेठ विचारत होते. ओव्हर वगैरे काही नाही.

वहिनींनी पहिलाच प्रश्न पाठवला होता: जेवलास का.

आता त्याला बरीच वर्षं झाली. माडी चालू आहे, रविवारी पोहे सरांच्या घरून येतात. आमच्या लायसनवाल्यांत आणखी दोघांची भर पडली आहे. त्यांना मी तक्ता हाती लागू दिला नाही. वहिनींशी अधूनमधून बोलणं होतं. दर उन्हाळ्यात त्यांची तक्रार असते की वावटळीनं तार खाली आली, कडुलिंबाची फांदी पुन्हा मोडली, आणि डॉक्टरांना आता झाडावर चढवत नाही. मी त्यांच्यासाठी आजवर काही केलेलं नाही. त्यांनी कधी करू दिलं नाही. पण हे मी करणार आहे. शेठच्या वाडीतले दोन चांगले लांब बांबू मी निवडून ठेवले आहेत. एक दिवस ते ट्रकवर घालून खानदेशात जाईन आणि वहिनींची तार अशी चढवून देईन की पुन्हा उतरणार नाही. येताना काय भाजी आणायची ती यादी त्यांनी हवेवरूनच पाठवावी. एखादं अक्षर सुटलं तर सुटलं, बाकी सगळं घेऊन येईन.