डोमाजी मास्तरचा अंतरा

विदर्भाच्या अख्ख्या झाडीपट्टीत गाण्यातलं माझ्याएवढं कळणारा दुसरा माणूस नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. फक्त सा कोणता अन् रे कोणता, हे मला विचारू नका. मी नाटक कंपनीत प्रॉम्टर होतो. विंगेत उकिडवं बसून नटांना शब्द पुरवायचे, एवढंच आपलं संगीत! शाळेचं म्हणाल, तर चौथीत गुरुजींनी अन् मी एकमेकांचा नाद एकाच दिवशी सोडला.

पण वडशाच्या कंपनीत इतके हिवाळे काढले की किस्से धानाच्या कुसासारखे अंगाला चिकटतात. कितीही झटका, एखादं सदऱ्यात राहतंच अन् चारचौघांत टोचतं. ऐंशीच्या दशकातली ही कुसं आहेत. माझ्या सदऱ्यात राहिलेली बहुतेक आमच्या डोमाजी मास्तरची.

*

डोमाजी मास्तर आमचे संगीतकार. पायपेटी वाजवत अन् नाटकातल्या पदांना चाली लावत. जवानीत नागपूरला एका खाँसाहेबांच्या घरी पाणी भरून गाणं शिकलेले. त्यामुळे कान फार नाजूक.

तालीम स्टेशनामागच्या गोदामात चालायची. आगगाडीनं शिटी मारली की मास्तर हात वर करून तालीम थांबवत. "परका सूर कानात हाय. जाऊ द्या त्याले."

एकदा मी त्यांना सांगितलं, "मास्तर, तुमची तक्रार वरपर्यंत गेली. उद्यापासून इंजिन तुमच्या पट्टीत शिटी मारनार हाय!"

दुसऱ्या दिवशी मास्तर धुतलेला सदरा घालून स्टेशनमास्तरचे आभार मानायला गेले. तो बिचारा बंगाली माणूस. त्याला काही समजलं नाही, पण त्यानं चहा पाजला.

मास्तर परत येऊन मला म्हणाले, "मानूस चांगला हाय. पन इंजिन अजून कच्चं हाय, प्रॉम्टर. सूर लागाले टाइम लागते!"

मी केलेली थट्टा नेमकी कोणाची झाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

मास्तरचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. जुने मोठे बंदिशकार! त्यांच्या गोष्टी सांगायला लागले की तबलजी बिसनभाऊ तबल्यावरच डोकं टेकून झोपत.

"ते लोक चीज बांधत," मास्तर सांगत, "अन् अंतऱ्यात हळूच आपलं नाव घालत. बादशा गेला, दरबार गेला, ज्याच्यासाठी गायले त्याची कबर कुठी हाय कोनाले मालूम नाई. पन आजबी कोनी गवय्या अंतऱ्यावर आला, का त्याच्या तोंडून त्या मानसाचं नाव निंगते. दोनशे वर्सं झाले, प्रॉम्टर! मेला का तो? नाई मेला."

"मंग आपल्या मालकानं पोस्टरवर सगळ्यायहून मोठं नाव टाकलं, तोबी बंदिशकार का?"

"त्याचं नाव बकरी खाते!" मास्तर म्हणाले. खरंच होतं. पोस्टर कणकेच्या खळीनं चिकटवलेलं असायचं.

त्या साली मास्तरनं एक पद बांधलं. मुखडा असा: 'पाणी चढलं नदीला, आता नाव कोण सोडी?' अन् अंतरा: 'पैलतीरी दिवा जळे, डोमा म्हणे, वाट थोडी.' अंतऱ्यात मास्तरनं एक सूर असा लावला होता की बिसनभाऊ जागा झाला!

"माहं एवढं एकच उरलं पायजे," मास्तर म्हणाले. "बाकी शंभर चाली गेल्या तं जाऊ द्या."

*

आता झाडीपट्टीचा रिवाज ऐका. पब्लिकला गाणं आवडलं की ते मुखड्याच्या पुढं जाऊच देत नाहीत. "वन्समोर!" म्हटलं की पहिल्यापासून म्हणायचं. पब्लिकचा वन्समोर मोडायचा नाही, हा मालकाचा कायदा.

पहिल्याच प्रयोगात शालूबाईनं मुखडा म्हटला. शालूबाई आमची नागपूरची नटी, गळा असा की ऐकणाऱ्याच्या हातातला तंबाखूचा खर्रा हातातच राहायचा. झालं! वन्समोर. पुन्हा मुखडा. पुन्हा वन्समोर! टोप्या उडाल्या. विंगेत खलनायक तलवार घेऊन उभा राहून राहून दमला अन् शेवटी तलवार टेकून खाली बसला.

मालक धावत आला. "मास्तर, बस करा! खून कवा होईन आता?"

अंतरा राहून गेला. पद मात्र असं गाजलं की कंपनीची तारीख मिळेना. मालकानं मास्तरच्या गळ्यात हार घातला.

मास्तर म्हणाले, "हार घाला, नाई तं नका घालू. अंतरा गाऊ द्या."

*

मास्तर हुशार माणूस. पुढच्या गावी त्यांनी उलटं केलं. आधी अंतरा, मग मुखडा! शालूबाईनं 'पैलतीरी' म्हणून तोंड उघडलं अन् मागून एक म्हातारा ओरडला, "आवो बाई, गानं सुरू करा ना! हे काऊन गुनगुन करून राह्यल्या?"

हशा पिकला. शालूबाई घाबरून थेट नदीच्या पाण्यात उतरली, म्हणजे मुखड्यावर. मग काय, वन्समोर!

*

आलापल्लीकडचा प्रयोग मी विसरत नाही. सागवानाच्या डेपोजवळ मांडव होता. समोर बरेच माडिया आदिवासी, दुरून चालत आलेले. त्यांना वन्समोर वगैरे ठाऊक नाही. घोंगडी पांघरून गपगार बसलेले. ऐकायचं तर पुरतं ऐकायचं, अशी त्यांची रीत.

मुखडा झाला. कोणी ओरडलं नाही. मास्तरनं पेटीवरून माझ्याकडं पाहिलं. लग्नातला नवरदेवही तसा हसत नाही. आज अंतरा होणार!

शालूबाई अंतऱ्याच्या तोंडाशी आली अन् थांबली. प्रयोगात पुरता अंतरा कधी गायलीच नव्हती ती! पार विसरली. डोळे माझ्याकडे. मी प्रॉम्टर, माझं काम मी केलं. पडद्याआडून शब्द दिले: "पैलतीरी दिवा जळे..."

शब्द मिळाले. चाल? शालूबाईनं ते शब्द मुखड्याच्याच चालीत बसवून म्हणून टाकले. 'डोमा म्हणे'ला तर ती खोकली.

मास्तरचे हात पेटीवरून उठले. पाय भाता मारतच राहिले, नुसता वारा निघत होता.

सकाळी चहा पिताना ते मला म्हणाले, "तुही चूक नाई. शब्द तं तूनं देल्ले. चाल कोन देईन?"

मी चहात बिस्कीट बुडवलं अन् ते आतच पडलं.

*

चाल पसरत मात्र गेली. जयंतीच्या मिरवणुकीत पोरं त्या चालीवर नवं गाणं म्हणत. गणपतीत आरती त्याच चालीवर. अन् बँडवाले तर विचारूच नका!

ब्रह्मपुरीकडे एका लग्नात बँड तीच चाल वाजवत होता. मास्तर वरातीत घुसून क्लारनेटवाल्याचा हात धरून उभे. "अंतरा वाजव ना बापा! मी शिकवतो तुले."

तो म्हणाला, "मास्तर, नवरदेव दारात आला. अंतरा परतीले पाहू."

मास्तर खरंच थांबले. जेवण झालं, पाठवणी झाली. परतीला नवरीकडचे सगळे रडत होते अन् बँडवाले पैसे घेऊन केव्हाच पसार. मंडपात मास्तर एकटे, अन् पंगतीतल्या पत्रावळी ओढणारी कुत्री.

"चला मास्तर," मी म्हटलं, "कुत्र्यायनं तरी वन्समोर नाई म्हटलं!"

ते हसले. हसणं त्यांना जमत होतं, हाच तर पाहणाऱ्याला त्रास होता.

*

नंतर मालकानं इलेक्ट्रिकची पेटी आणली अन् ती वाजवणारा पोऱ्याही. मास्तर घरी बसले. दम लागत होता. शालूबाई कंपनी सोडून गेली. अंतरा आता एकट्या मास्तरच्या गळ्यात उरला होता, अन् गळ्याचं काही खरं नव्हतं. "मी शिकतो," असं मी एकदा म्हणून पाहिलं. एक ओळ म्हटली. मास्तर म्हणाले, "राहू दे. इंजिन बरं तुह्याहून."

रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत त्यांना घेऊन आरमोरीच्या डॉक्टरकडे निघालो होतो. रस्त्यात एसटी बंद पडली. आम्ही खाली उतरलो. बाजूच्या धानाच्या बांधीत बाया रांगेनं वाकून रोवणा करत होत्या, चिखल पोटऱ्यांपर्यंत. अन् गात काय होत्या? 'पाणी चढलं बांधीले, आता रोवणा कोण सोडी?'

मास्तरनं माझा खांदा धरला अन् शेताच्या धुऱ्यावर चढले. छत्री मिटली. बायांचा मुखडा संपला, तसा त्यांनी अंतरा उचलला. एवढ्या खोकल्यातून तो आवाज कुठून आला, मला सांगता येणार नाही. तो जागा करणारा सूर लागला. वाकलेल्या बाया उभ्या राहिल्या, हातातली रोपं तशीच. एसटीतल्या लोकांची डोकी खिडक्यांतून बाहेर. कोणी ओरडलं नाही, कोणी मधे बोललं नाही. 'डोमा म्हणे, वाट थोडी' पुरतं म्हणून झालं, तेव्हा मास्तरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं अन् मी दुसरीकडे पाहत होतो.

रांगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं कपाळावरचा चिखल मनगटानं पुसला.

"गळा चांगला हाय भाऊ तुमचा," ती म्हणाली. "पन हे गानं आमचं हाय, माह्या सासूच्या वक्ताचं. त्याच्यात हा डोमा कोन घुसवला तुमी?"