पितळी मुठीची गिटार

माझी गिटार नाटकाच्या टेम्पोतून पडली आणि तिची मान तडकली. ज्या सुताराने ती सांधून दिली, त्याने जाताना मला दम भरला, "मॅडम, अब की बार गिरी तो खतम."

मी शाळेत गणित शिकवते. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू झाला की सुट्टीच्या दिवशी एका नाटक पार्टीत गिटार वाजवते. टेम्पोत पडदे, ढोलक, ऑर्गन, रंगाच्या पेट्या आणि त्या सगळ्यांवर कापडी पिशवीतली माझी गिटार, अशी तिची वरात निघायची. सुताराचे शब्द ऐकले आणि मी ठरवलं, की टणक पेटी मिळाल्याशिवाय ही गिटारबाई घराबाहेर पडणार नाही.

पण पेटी मिळणं सोपं नव्हतं. गिटार जुनी, गोंदियाच्या बाजारात भंगारवाल्याकडून उचललेली. अंगाने रुंद, डोक्याने लांबडी. नव्या पेट्यांत एक तर मान अवघडायची, नाहीतर झाकण तारांवर दाबायचं. शिवाय तिच्या पाठीला, मानेच्या बुडाशी, पट्टा अडकवायला कुणीतरी चक्क कपाटाची पितळी मूठ बसवलेली. ती काढून टाक, असं सगळे सांगत. मी का काढू? त्या मुठीमुळेच तर ती मला आवडली होती.

मग मी जुन्या पेट्यांचे फोटो मागवायला लागले. शेजारी राहणाऱ्या माझ्या आत्याबाईंनी एक दिवस माझा मोबाइल ओढून घेतला. त्यांचा जन्म नात्यागोत्यातली लग्नं जुळवण्यात गेला.

"फोटोवर कोनी लगन करते का वो? डब्बा पाहाले जातेस त पोरीले संग घेऊन जा. अन् मीबी येतो."

अशी आमची स्थळं पाहायची मोहीम सुरू झाली. सौंदडला रेल्वेने गेलो. खिडकीची जागा गिटारला, मधली आत्याबाईंना, मी उभी. तिथल्या गृहस्थांची पेटी बाहेरून अशी चकचकीत, की माझा जीव लगेच तिच्यावर जडला. पण जुनी पेटी बाहेरून ओळखता येत नाही, एवढं मी तोवर शिकले होते. वरचं रेक्झिन कुणीही नवं चढवतो. आधी बिजागऱ्या पाहायच्या, मग आत नाक घालून वास घ्यायचा, शेवटी मखमलीवर हात फिरवायचा. गिटार वर्षानुवर्षं एकाच जागी निजली की तिथली मखमल दबते, स्क्रू टोचतो तिथे विरते. इथे मखमलीखाली प्लाय फुगून पापड झालेली. बडा घर पोकळ वासा! तरी गृहस्थ झाकण दाबत म्हणत होते, "बसते ना, थोडं दाबा फक्त."

"मान मोडता का पोरीची?" आत्याबाई कडाडल्या. त्यांचे पोहे खाऊन झाले होते. "चाल वो, उठ."

चिचगडचं स्थळ आमच्या ऑर्गनवाल्याने सुचवलं. देवरीहून पुढे जंगलातून बस, आणि बसमध्ये गिटार आत्याबाईंच्या मांडीवर. घरी एक काकाजी आणि काकू, दोघंही सत्तरीपुढची. पेटी खाटेखाली होती आणि तिच्यात काकूंची लुगडी. त्यांनी एकेक लुगडं काढून खाटेवर रचलं. प्रत्येकाबरोबर ते कुणी घेतलं, कुणाच्या लग्नात नेसलं, हेही सांगितलं. मी मात्र चुळबुळ करत होते. मला धीर धरता येत नाही, हे माझ्या वर्गातल्या पोरांना विचारा.

पेटी रिकामी झाली. बिजागऱ्या जाड, जुन्या. वास डांबरगोळ्यांचा, पण कुबट नाही. मी मखमलीवर हात फिरवला आणि मानेच्या टेकूजवळ माझं बोट एका गोल खड्ड्यात गेलं.

मी लगेच गिटार आत ठेवली. मूठ बरोबर त्या खड्ड्यात बसली. झाकण लावलं, खटके मारले, पेटी उचलून हलवली. आतून जरासाही आवाज नाही.

काकाजींनी पेटी माझ्या हातून घेतली, उघडली, गिटार उलटी केली आणि पितळी मुठीवर अंगठा ठेवला. काकूंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथल्या लाकडी कपाटाच्या एका दाराला तशीच पितळी मूठ होती. दुसऱ्याला सुतळीचा फास.

"पाहा बाप्पा," काकू म्हणाल्या, "इतके साल मी दोरी ओढून राह्यली अन् मूठ गावोगाव नाचून राह्यली!"

आम्ही हसलो, आणि मग माझ्या लक्षात आलं. गिटार त्यांची होती. आता त्यांनी ती मागितली, तर कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? आणि ती दिली, तर मी काय वाजवणार?

काकाजी म्हणाले, "वाजव."

मी वाजवलं. एक सूर चुकला, पुढे जमलं. काकाजी डोळे मिटून मान डोलवत राहिले.

"आमची पार्टी बंद पडली तवा देऊन टाकली हिले," ते म्हणाले. "घेनारा सायकलवर आला होता. पेटी नेता येत नव्हती, त कपड्यात गुंडाळून घेऊन गेला. पोरगी रिकाम्या हातानं गेली, हेच मनाले लागलं." त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "दिलेली पोरगी कोनी वापस घेते का? हे तिचं आंदन. घेऊन जा."

मी रडले. अगदी उघड, नाक पुसत. लगेच आत्याबाईंच्या जिभेला धार आली. "पन पोरगी मंडईले त माहेरी येईन ना?"

"न आली त मीच आनाले येतो," काकाजी म्हणाले.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि लेकी माहेरी येतात. त्या वर्षी आम्हीही चिचगडला गेलो. पेटीला टेम्पोभर धूळ लागलेली. काकूंसाठी बाजारातून नवी पितळी मूठ घेतली होती, ती माझ्या पर्समध्ये होती. काकू रीतीप्रमाणे पाय धुवायला पाण्याचा लोटा घेऊन दारात आल्या. आत्याबाईंनी पाय धुतले, मी धुतले. काकूंनी लोट्यात उरलेल्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं, खाली बसल्या आणि पेटीचं बूड चारी कोपऱ्यांसकट पुसलं.

"ये माय," त्या पेटीला म्हणाल्या, आणि तिला उचलून घरात घेऊन गेल्या.